किती मतं फुटली तरी चालतील? नवा अध्यक्ष आणि अमेरिकी काँग्रेसच्या नेत्यांचं गणित

३ जानेवारी २०२५. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या स्पीकरची निवड चालू होती. रिपब्लिकन पक्षाचे २१९ सदस्य, डेमोक्रॅटिक पक्षाचे २१५, एक जागा रिकामी. सगळे ४३४ हजर, म्हणजे निवडून यायला २१८ मतं हवीत. एकेक नाव पुकारलं गेलं आणि माइक जॉन्सन यांच्याच पक्षातल्या तिघांनी भलत्यांची नावं घेतली. आकडा २१६वर अडकला. निकाल जाहीर न करता मतदान उघडं ठेवलं गेलं. जॉन्सन नाराजांना बाजूच्या खोलीत घेऊन गेले, डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलणं झालं, आणि परत आल्यावर राल्फ नॉर्मन आणि किथ सेल्फ यांनी आपलं मत बदललं. बरोबर २१८. हाताशी एकही जादा मत नाही. ट्रम्प यांच्या शपथविधीला अजून १७ दिवस बाकी होते.

अमेरिकेत नवा अध्यक्ष आला की सगळ्यांच्या नजरा व्हाइट हाऊसकडे लागतात. पण कर कमी करणं, आरोग्य विम्याची योजना आणणं, सरकारी खर्चाला कात्री लावणं ही कामं कायद्याशिवाय टिकत नाहीत. कायदा काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, करते आणि काँग्रेसमध्ये काय मतदानाला येणार, कधी येणार, कुणाच्या मतांवर तरणार हे मोजके नेते ठरवतात. या नेत्यांचं काम चांगलं की वाईट, हे लोक बहुतेक वेळा पक्ष बघून सांगतात. आमच्या मते त्याला एक साधी कसोटी आहे: या नेत्याची किती मतं फुटली तरी चालणार होती आणि प्रत्यक्षात किती फुटली? ही कसोटी लावून गेल्या साठ वर्षांकडे पाहिलं की एक उलटी गोष्ट दिसते. समोरच्या बाकांवरून मतं यायची बंद झाली, पक्ष एकजिनसी झाला, तसतसा नेता बाहेरून बलाढ्य दिसू लागला आणि आतून मात्र स्वतःच्याच पक्षातल्या शेवटच्या दोन-तीन रुसलेल्यांच्या हातात गेला.

आपल्या वाचकाची गल्लत कुठे होते

प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य असतात आणि दर दोन वर्षांनी सगळेच्या सगळे निवडणुकीला उभे राहतात. सिनेटमध्ये १००, प्रत्येक राज्याचे दोन, मुदत सहा वर्षांची. प्रतिनिधीगृहाचा प्रमुख म्हणजे स्पीकर. आपल्या विधानसभेच्या अध्यक्षाने खुर्चीत बसल्यावर पक्षापासून अंतर ठेवावं अशी निदान अपेक्षा तरी असते. अमेरिकेत तशी अपेक्षाच नाही. तिथला स्पीकर उघडपणे बहुमतातल्या पक्षाचा सेनापती असतो. सभागृह चालवायचं ते पक्षाचा कार्यक्रम पुढे रेटण्यासाठीच. त्याच्या हाताखाली बहुमताचा नेता आणि प्रतोद. समोर अल्पमताचा नेता. २०२३पासून तिथे हकीम जेफ्रीज आहेत.

सिनेटच्या खुर्चीचा मान उपाध्यक्षाचा, पण त्याला मत फक्त बरोबरी झाली तरच. खरी सूत्रं बहुमताच्या नेत्याकडे, म्हणजे जानेवारी २०२५पासून जॉन थून यांच्याकडे. अल्पमताचे नेते चक शूमर.

दुसरी गल्लत प्रतोदाबाबत होते. आपल्याकडे १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडला तर आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. महाराष्ट्राने २०२२नंतरच्या अपात्रतेच्या सुनावण्यांत हे जवळून पाहिलं. अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाविरुद्ध रोज मत दिलं तरी सदस्यत्वाला धक्का लागत नाही. तिथला प्रतोद आदेश काढत नाही, तो डोकी मोजतो. प्रत्येक सदस्याच्या नावापुढे पक्कं हो, कलता हो, अनिश्चित, कलता नाही, पक्कं नाही अशी नोंद होते आणि मधल्या तीन गटांवर काम सुरू होतं. त्यांना द्यायला नेत्याकडे काय असतं? चांगल्या समितीवरची जागा, विधेयकात मतदारसंघाच्या सोयीचं एखादं कलम, निवडणुकीसाठी निधी, अध्यक्षाचा फोन. आणि धाक कसला? समिती काढून घेणं, किंवा पुढच्या पक्षांतर्गत निवडणुकीत प्रतिस्पर्धी उभा राहण्याची भीती. बस, एवढंच.

मोजणी

गणित सोपं आहे. समोरचे सगळे विरोधात गेले असं धरा. दोन्ही बाजूंच्या संख्येतला फरक काढा, तो निम्मा करा. प्रतिनिधीगृहात बरोबरी झाली तर प्रस्ताव पडतो, म्हणून निम्म्यापेक्षा कमी असलेला सर्वांत मोठा पूर्णांक घ्या. २२० विरुद्ध २१३ असेल तर फरक ७, निम्मे साडेतीन, म्हणजे ३ मतं फुटली तरी २१७-२१६ने निभावतं. चौथं फुटलं की संपलं. सिनेटमध्ये उपाध्यक्ष आपल्या पक्षाचा असेल तर बरोबरीही चालते: ५३ विरुद्ध ४७ असताना ३ फुटलेली चालतात, ५२-४८ असताना २, आणि ५०-५० असताना एकही नाही.

हे आकडे सभागृहाच्या रिकाम्या जागांनुसार आठवड्याला बदलतात. २२ मे २०२५ रोजी ट्रम्प यांचं करकपातीचं मोठं विधेयक प्रतिनिधीगृहात २१५-२१४ असं एका मताने पार पडलं. त्या वर्षी मार्च ते मे या काळात तीन डेमोक्रॅटिक सदस्यांचं निधन झालं होतं आणि त्या जागा अजून भरल्या गेल्या नव्हत्या. विरोधातल्या २१४मध्ये डेमोक्रॅट २१२ आणि रिपब्लिकन दोन होते. त्या तीन जागा भरलेल्या असत्या तर स्पीकरला हे गणित नव्याने मांडावं लागलं असतं.

स्पीकरची खरी ताकद मतदानाआधी वापरली जाते

प्रतिनिधीगृहात मोठं विधेयक सहसा थेट चर्चेला येत नाही. आधी ते नियम समितीकडे जातं. तिथे १३ सदस्य, त्यांतले ९ बहुमताचे आणि ४ अल्पमताचे. पक्षबलाशी या प्रमाणाचा संबंध नाही. बहुमताच्या जागांवर स्पीकरने निवडलेली माणसं असतात. ही समिती प्रत्येक मोठ्या विधेयकासाठी एक नियम ठरवते: चर्चा किती तास, दुरुस्त्या कुठल्या घ्यायच्या, कुठल्या नाहीत. मग आधी त्या नियमावर मतदान होतं आणि तो मंजूर झाला तरच विधेयक येतं. म्हणून बातमीत ‘नियमाचं मतदान’ असे शब्द दिसले तर तिथेच थांबून वाचावं. जुना संकेत असा की विधेयकाला विरोध असला तरी नियमावर स्वतःच्या नेत्याबरोबर मत द्यायचं. २००२नंतर जवळपास वीस वर्षं एकही नियम पडला नव्हता. जून २०२३मध्ये तो संकेत मोडला आणि त्या दोन वर्षांच्या काँग्रेसमध्ये रिपब्लिकन नाराजांनी आपल्याच स्पीकरचे नियम वारंवार पाडले. आतून पक्ष किती सैल झालाय हे कळायला यासारखी खूण नाही.

दुसरं हत्यार म्हणजे मतदानाला न आणणं. रिपब्लिकन स्पीकर डेनिस हॅस्टर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक अलिखित दंडक आहे: आपल्या पक्षातल्या बहुसंख्यांना मान्य नसेल ते विधेयक सभागृहात आणायचं नाही, मग दोन्ही पक्षांची मतं मिळून ते सहज पार पडणार असलं तरी. पक्षीय कडवेपणाचं हे सगळ्यात न दिसणारं रूप. जे मतदानालाच येत नाही त्याचा हिशेब कुठल्याच यादीत नसतो.

तिसरं हत्यार घड्याळ. मतदानाला साधारण १५ मिनिटं ही किमान मर्यादा आहे, कमाल नाही. हरतोय असं दिसलं की घड्याळ शून्यावर आल्यावरही मतदान चालू ठेवता येतं. नोव्हेंबर २००३मध्ये वृद्धांच्या औषधखर्चाच्या विधेयकावर पहाटे तीनला सुरू झालेलं मतदान तीन तासांच्या आसपास चाललं आणि २२०-२१५ने संपलं. जुलै २०२५मध्ये एका प्रक्रियेच्या मतदानाने सात तासांहून अधिक वेळ घेतला. हा वेळ कशात जातो? सभागृहाच्या मागच्या रांगेत एका सदस्याभोवती पाच-सहा जण उभे राहतात, कुणीतरी त्याच्या हातात फोन देतं, भिंतीवरच्या फलकावर त्याच्या नावापुढचा लाल दिवा तसाच असतो. तो हिरवा झाला की हातोडा पडतो.

सिनेटमधली साठची भिंत

सिनेटमध्ये बहुमताच्या नेत्याकडे एक मोलाचा हक्क आहे: बोलायला सर्वांत आधी संधी त्याला मिळते. १९३७पासून चालत आलेला हा पायंडा. त्याच्या जोरावर तो सभागृहाचा क्रम ठरवतो आणि दुरुस्त्यांच्या जागा आपल्याच दुरुस्त्यांनी भरून इतरांची वाट बंद करू शकतो. पण चर्चा संपवणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही. चर्चा थांबवायला १९१७च्या नियमानुसार दोन-तृतीयांश मतं लागत. १९७५पासून ६० लागतात. चर्चा लांबवून विधेयक मारण्याच्या या डावाला फिलिबस्टर म्हणतात. आता कुणी तासन्‌तास उभं राहून बोलत बसत नाही. ४१ जण चर्चा संपवायला तयार नाहीत एवढं कळलं तरी पुरतं.

नेमणुकांसाठी ही भिंत टप्प्याटप्प्याने पडली. नोव्हेंबर २०१३मध्ये बहुमताचे तेव्हाचे नेते, डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नेमणुका साध्या बहुमतावर आणल्या. एप्रिल २०१७मध्ये बहुमताचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयही त्यात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी नील गोरसच ५४-४५ने न्यायाधीश झाले. सप्टेंबर २०२५मध्ये थून यांनी खालच्या पदांच्या नेमणुका गठ्ठ्याने मंजूर करायची सोय केली. प्रत्येक वेळी बहुमतातल्या पक्षाने हेच सांगितलं की समोरच्यांनी पर्याय ठेवला नाही.

कायद्यांसाठी मात्र भिंत उभीच आहे आणि तिच्याखालून एकच बोगदा जातो: रिकन्सिलिएशन. नव्या अध्यक्षाचे जवळपास सगळे मोठे, वादग्रस्त कायदे याच वाटेने येतात, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. १९७४च्या अर्थसंकल्प कायद्यातून ही सोय आली. आधी दोन्ही सभागृहं अर्थसंकल्पाचा एक ठराव करतात. अध्यक्षाची सही त्याला लागत नाही. त्यात समित्यांना आकडे दिलेले असतात: अमुक समितीने खर्चात एवढी कपात करावी, तमुक समितीला तूट एवढी वाढवायची मुभा. समित्या आपापले मसुदे देतात, अर्थसंकल्प समिती ते एकत्र बांधते. सिनेटमध्ये चर्चेला २० तासांचीच मर्यादा, त्यामुळे फिलिबस्टर चालत नाही आणि साधं बहुमत पुरतं. चर्चा संपल्यावर दुरुस्त्यांवर एकामागून एक मतदानाची माळ लागते. ती रात्रभर चालते, २०२५मध्ये चोवीस तासांहून जास्त चालली.

यात घोडं अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा नियम. ज्या कलमाचा सरकारी जमाखर्चाशी संबंध नाही किंवा नावापुरताच आहे, ते गाळावं लागतं; ठेवायचं तर ६० मतं हवीत. सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाला हात लावता येत नाही. कुठलं कलम बसतं आणि कुठलं नाही, यावर सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकारी सल्ला देतात आणि नेते तो सहसा मानतात. फेब्रुवारी २०२१मध्ये तासाला १५ डॉलर किमान वेतनाचं कलम असंच बाहेर गेलं. बायडन यांच्या समर्थकांनी शूमर यांना दुबळं म्हटलं; पण ५० मतांच्या नेत्याला हा नियम बाजूला सारायला स्वतःचे सगळेच्या सगळे ५० सोबत लागतात, आणि ते नव्हते.

दुसरी अडचण दोन सभागृहांमधली. प्रतिनिधीगृह आपल्या २१८ जणांना पटेल असा मसुदा करतं. सिनेट तो आपल्या ५० जणांसाठी बदलतं. मग तोच मजकूर प्रतिनिधीगृहाला जसाच्या तसा गिळावा लागतो. इथे स्पीकरचा कस लागतो.

१९६४ ते २०२५: जादा मतं आटत गेली

लिंडन जॉन्सन नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडींच्या हत्येनंतर अचानक अध्यक्ष झाले. नागरी हक्कांचं विधेयक सिनेटमध्ये अडलं होतं, कारण दक्षिणेतले डेमोक्रॅट, म्हणजे अध्यक्षाच्याच पक्षाचे लोक, चर्चा संपू देत नव्हते. तेव्हा चर्चा संपवायला ६७ मतं लागत. बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी अल्पमताचे नेते एव्हरेट डर्कसन यांना सोबत घेतलं, त्यांच्या सूचनांनुसार मजकूर बदलला, आणि १० जून १९६४ला ७१-२९ने चर्चा संपली. त्या ७१मध्ये ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूतल्या गाठीमुळे बोलू शकत नव्हते. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट नेलं. इंग्रजीत डोळा आणि होकार या दोन शब्दांचा उच्चार एकच. लेखनिकाने होकार नोंदवला.

या आकड्यांमध्ये नेत्याची मोकळीक दिसते. स्वतःचे वीसहून अधिक गेले तरी चाललं, कारण समोरून २७ आले.

१९८१मध्ये रेगन आले तेव्हा सिनेट त्यांची, पण प्रतिनिधीगृह डेमोक्रॅट स्पीकर टिप ओनील यांचं. जुलैमध्ये करकपातीवर २३८-१९५ असं मतदान झालं आणि ४८ डेमोक्रॅट रेगन यांच्या बाजूला गेले. ओनील हरले, पण त्यांनी ते विधेयक अडवून धरलं नाही, मतदानाला येऊ दिलं. आजच्या दंडकाने बघितलं तर असा स्पीकर महिनाभर टिकणार नाही. आम्हाला मात्र तो निर्णय स्पीकरपदाला शोभणारा वाटतो: नुकतीच निवडणूक जिंकलेल्या अध्यक्षाचा मुख्य कार्यक्रम मतदानाला तरी आला पाहिजे.

बारा वर्षांनी चित्र बदललेलं होतं. ऑगस्ट १९९३मध्ये क्लिंटन यांचा अर्थसंकल्प प्रतिनिधीगृहात २१८-२१६ने पार पडला, सिनेटमध्ये ५०-५० झाल्यावर उपाध्यक्ष अल गोर यांच्या मताने. रिपब्लिकनांचं एकही मत नाही. निर्णायक मतांपैकी एक पेनसिल्व्हेनियाच्या मार्जरी मार्गोलिस-मेझ्विन्स्की यांचं होतं. पुढच्याच वर्षी त्या हरल्या, आणि पक्षाने ५४ जागा गमावल्या. नेत्याने जादा मतं नसताना विजय खेचला की त्याची किंमत अशी काठावरच्या सदस्याच्या पदरी पडते. पुढच्या वेळी तसाच काठावरचा सदस्य जास्त महाग पडतो.

ओबामा यांच्या काळात डेमोक्रॅटांकडे प्रतिनिधीगृहात भरपूर जागा होत्या, म्हणून स्पीकर नॅन्सी पेलोसी यांना श्वास घ्यायला वाव होता: २१ मार्च २०१०ला आरोग्य विमा कायदा २१९-२१२ने पार पडला तेव्हा त्यांचे ३४ जण विरोधात होते. त्यांची हातोटी इथे दिसते. ज्यांना मतदारसंघात त्रास होणार होता त्यांना सोडून दिलं आणि नेमकी लागतील तेवढीच मतं ठेवली. सिनेटमध्ये हॅरी रीड यांची गत वेगळी होती. तेव्हा अल्पमताचे नेते असलेल्या मॅकॉनेल यांनी आपले सगळे सदस्य बाहेर ठेवले, त्यामुळे रीड यांना ६०च्या ६० डेमोक्रॅट गटातूनच जमवावे लागले. मग प्रत्येक जण नकाराधिकार घेऊन बसला. जो लिबरमन यांच्यासाठी सरकारी विमा योजनेचा पर्याय गेला, बेन नेल्सन यांच्यासाठी नेब्रास्काला खास सवलत आली आणि त्यावरून इतका गदारोळ झाला की ती पुढे काढावी लागली. २४ डिसेंबर २००९ला ६०-३९ झालं. सवलतीचा राग लोकांनी डेमोक्रॅटांवर काढला, पण तिची गरज निर्माण केली होती समोरच्या चाळीस जणांच्या एकीने. अल्पमताच्या नेत्याचं कौशल्य म्हणजे नेमकं हेच, आणि ते आवडो न आवडो, मॅकॉनेल यांनी ते काम तंत्र म्हणून उत्तम केलं.

२०१७ हे मोजणी चुकण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. रिपब्लिकन स्पीकर पॉल रायन यांच्याकडे २४०च्या आसपास सदस्य होते. ओबामांचा विमा कायदा रद्द करायचा, यावर सगळ्या पक्षाने सात वर्षं मतं मागितली होती. तरी २४ मार्चला रायन यांना विधेयक मतदानाआधी मागे घ्यावं लागलं. कारण नाराज दोन टोकांना होते: उजवीकडच्या गटाला कायदा पुरेसा मोडत नाही म्हणून राग, मध्यममार्गी सदस्यांना लोकांचा विमा जाईल म्हणून भीती. एकाला खूश करणारं कलम दुसऱ्याला पळवून लावत होतं. ४ मे रोजी दुरुस्त्या करून ते २१७-२१३ने निघालं, २० रिपब्लिकन विरोधात. मग सिनेट. मॅकॉनेल यांच्याकडे ५२, म्हणजे दोनच मतं फुटलेली चालणार. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्काउस्की आधीच गेल्या होत्या. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेले जॉन मॅकेन सभागृहाच्या पुढच्या भागात आले, लेखनिकांच्या टेबलासमोर उभे राहिले, उजवा हात पुढे केला आणि अंगठा खाली दाबला. समोर दोन हातांवर मॅकॉनेल हाताची घडी घालून उभे होते. ४९-५१.

त्याच मॅकॉनेल यांनी डिसेंबरमध्ये कंपन्यांचा कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणणारा कायदा ५१-४८ने काढला. माणूस तोच, मतं तीच. फरक असा की करकपातीत सगळ्यांना काहीतरी मिळत होतं, विम्यात कुणाचं तरी जात होतं. म्हणून नेत्याची क्षमता तपासताना विषय कुठला होता हे वगळून चालत नाही.

२०२१मध्ये शूमर यांच्याकडे शून्य जादा मतं होती. ५ मार्चला त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जो मॅन्चिन बेरोजगार भत्त्यावर अडून बसले आणि एकच मतदान जवळपास बारा तास उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी १.९ लाख कोटी डॉलरचं करोना मदत विधेयक ५०-४९ने निघालं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रस्ते-पुलांचं विधेयक सिनेटमध्ये ६९-३० असं आरामात पार पडलं, मॅकॉनेल यांच्यासह. प्रतिनिधीगृहात ते २२८-२०६ झालं. पेलोसी यांचे सहा सदस्य विरोधात, १३ रिपब्लिकन बाजूने. स्वपक्षाची मतं फक्त २१५. म्हणजे समोरचे आले नसते तर ते पडलं असतं.

आणि २०२५. मोठं करकपात विधेयक १ जुलैला सिनेटमध्ये ५१-५०, उपाध्यक्ष व्हान्स यांचं मत धरून. तीन रिपब्लिकन विरोधात, म्हणजे थून यांनी शिल्लक होती ती सगळी मोकळीक वापरली. मर्काउस्की यांचं मत मिळवायला अलास्कासाठी खास तरतुदी कराव्या लागल्या. ३ जुलैला प्रतिनिधीगृहात २१८-२१४. नियमांनुसार जेफ्रीज यांचं भाषण मध्येच थांबवता येत नव्हतं म्हणून ते ८ तास ४४ मिनिटं बोलले. हा विक्रम होता, निकाल मात्र त्याने बदलला नाही. मोजणीच्या कसोटीवर जॉन्सन उत्तीर्ण: दोनच सदस्य विरोधात. पण ही मतं जमवली कुणी? शेवटचे नाराज बहुतेक वेळा अध्यक्षाच्या फोननंतर वळले. नेत्याचं यश अध्यक्षाच्या धाकावर उभं असेल तर धाक ओसरल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

लोक काय मोजतात

मतचाचण्यांत काँग्रेसच्या नेत्यांबद्दल विचारलं तर उत्तर देणाऱ्याचा पक्ष सांगितला की उत्तर ओळखता येतं. नवा अध्यक्ष आला आणि काँग्रेसही त्याच्याच पक्षाची असली की त्या पक्षाच्या समर्थकांमध्ये काँग्रेसबद्दलचं मत एकदम सुधारतं, कामकाज सुरू व्हायच्या आतच. २००९मध्ये डेमोक्रॅट समर्थकांत, २०१७ आणि २०२५मध्ये रिपब्लिकन समर्थकांत हे दिसलं. नंतर विधेयकं अडली की तेच समर्थक आधी रागावतात. म्हणून अशा आकड्यांत एकूण टक्केवारीपेक्षा एकच गोष्ट बघण्यासारखी असते: नेत्याच्या स्वतःच्या पक्षातलं मत. ते ढासळलं की प्रतोदाचं काम अवघड होतं.

अल्पमताच्या नेत्याला हे आणखी जाचतं. मार्च २०२५मध्ये सरकार बंद पडू नये (खर्चाला मंजुरी नसेल तर सरकारी कामकाज थांबतं) म्हणून शूमर यांनी रिपब्लिकनांच्या खर्चाच्या विधेयकावर चर्चा संपवायला मत दिलं. ६२-३८ झालं आणि स्वपक्षात त्यांच्या राजीनाम्याची मागणी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी उलट पवित्रा घेतला आणि सरकार ४३ दिवस बंद राहिलं, तोवरचं सर्वांत लांब. शेवटी त्यांच्या गटातले आठ जण त्यांना सोडून पलीकडे गेले आणि ६०चा आकडा जुळला. एकाच वर्षात एकाच नेत्याला तडजोडीबद्दल आणि ताठरपणाबद्दल दोन्हीकडून झळ बसली.

एक मराठी धागाही इथे जुळतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३पासून मिशिगनमधल्या डेट्रॉइट परिसराचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी आहेत. एप्रिल २०२५मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं मांडली आणि मे महिन्यात ती तातडीच्या प्रस्तावाच्या वाटेने पुढे रेटली. या वाटेने आलेला प्रस्ताव दोन कामकाजी दिवसांत सभागृहापुढे घ्यावाच लागतो, समितीची आणि नेत्यांची परवानगी लागत नाही. पण त्यांच्याच पक्षाचे नेते विरोधात होते: अपयश नक्की, आणि काठावरच्या मतदारसंघांतले सदस्य विनाकारण अडचणीत. १४ मेला ठाणेदार यांनी मतदानाचा आग्रह सोडला. पुढच्या महिन्यात टेक्ससचे अल ग्रीन यांनी तसाच प्रस्ताव शेवटपर्यंत नेला आणि तो ३४४-७९ने बाजूला ठेवला गेला. बाजूला ठेवणाऱ्यांत बहुसंख्य डेमोक्रॅटही होते. नेता आपल्या सदस्यांना कुठल्या मतदानापासून वाचवतो, हेही त्याच्या कामाचं माप आहे.

साध्या सदस्यांकडे स्पीकरला वळसा घालायची आणखी एक वाट आहे: डिस्चार्ज पिटिशन. विधेयक समितीत ३० कामकाजी दिवस पडून राहिलं की २१८ सह्या गोळा करून ते बाहेर काढता येतं. सही करायला सभागृहातल्या टेबलापर्यंत स्वतः चालत जावं लागतं आणि नावं जाहीर असतात, म्हणून स्वतःच्या स्पीकरविरुद्ध सही करणं हे भाषणापेक्षा जड असतं. बहुतेक अर्ज २१८पर्यंत पोचतच नाहीत. नोव्हेंबर २०२५मध्ये लैंगिक गुन्हेगार जेफ्री एप्स्टीन प्रकरणाच्या कागदपत्रांसाठीचा अर्ज पोचला; चार रिपब्लिकनांनी सह्या केल्या होत्या आणि २१८वी सही त्याच दिवशी शपथ घेतलेल्या ॲरिझोनाच्या नव्या सदस्य अडेलिटा ग्रिहाल्वा यांची होती. स्पीकरने महिनोन्‌महिने जे येऊ दिलं नव्हतं, ते सहा दिवसांनी ४२७-१ने पार पडलं. २१७ सह्या होईपर्यंत कुणालाही आपलं नाव मागे घेता येतं, म्हणून शेवटचा सगळा दबाव त्या मोजक्या जणांवर येतो. २१८वी सही पडली की यादी गोठते.